चौबगळा

"दाराला कडी घाल," मार्थाकाकू म्हणाली.

"काकू, दिवसाढवळ्या कडी कशाला? इथं कोण येतंय?"

"घाल म्हनते ना, पमे."

मी कडी घातली. चर्चच्या भिंतीला लागून एक पत्र्याची खोली होती. तिच्यात चर्चच्या मंडळीने दिलेलं शिवणयंत्र आणि मी, असा आमचा संसार. खरा संसार नवऱ्याने दोन वर्षांत मोडून मला माहेरी पाठवलं होतं. बाबा मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. पाळकाची मुलगी नांदत नाही, हे मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना रुचलं नव्हतं. पण बाबांनी त्यांना ठणकावून सांगितलं, "ती माझ्या घरात राहील आणि मंडळीच्या बायकांचे कपडे शिवेल." तेव्हापासून मी मान खाली घालून मशीन मारत होते. मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि बाबांचं ते छप्पर सोडून मला दुसरं छप्पर नव्हतं.

मार्थाकाकू अमोलिक म्हणजे चांगली उंचनिंच, रुंद खांद्यांची बाई. उसात खुरपायला जायची. नवरा योहान वारून चार वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. घरात एकटी, पण रविवारी चर्चमध्ये तिने गीत उचलल्याशिवाय उपासनेला जीव यायचा नाही. ती त्या दिवशी लुगड्यावर योहानकाकांचा जुना शर्ट घालून आली होती.

"काय गं काकू, काका वर गेले तरी त्यांचा शर्ट सोडवत नाही होय तुला?" मी टेप गळ्यात अडकवत म्हटलं.

ती हसली नाही. तिने पाठ फिरवली, शर्ट काढला आणि वळली.

उजव्या बाजूला छाती नव्हती. गळ्याच्या हाडाखालून बगलेपर्यंत एक लांब व्रण होता, अजून लालसर. आणि तो हात, उजवा, खांद्यापासून बोटांपर्यंत डाव्याच्या दुप्पट सुजलेला.

"कधी?" मला एवढंच विचारता आलं.

"दिवाळीच्या आदी. पुन्याला भाचीकडं जाते म्हनले होते ना, तवा. ही सूज आता अशीच ऱ्हानार म्हनला डाक्टर." तिने पदर ओढून घेतला. "बिलाऊज चढत नाय गं. चढवलं तर हात काळानिळा व्हतो. आन् एका अंगानं मोकळं लोंबतंय, माणसं बघत्यात. ह्यांच्या शर्टात बरं हाये. आत काय हाये न् काय नाय, कुनाला कळत नाय."

"बाबांना सांगायचं. प्रार्थना केली असती सगळ्यांनी."

"तेच नको. समदी मंडळी मपल्या छातीचं नाव घेऊन प्रार्थना करनार, आन् मी खाली बसून आमेन म्हनू? वचन दे पमे, कुनाला बोलायचं नाय."

मी वचन दिलं. ते मी पाळलं, असं पुढे वर्षभर मी स्वतःला सांगत राहिले.

त्याच महिन्यात बाबांनी कपड्यांचा विषय काढला. पुरुषाचं वस्त्र बाईच्या अंगावर देवाला मान्य नाही, हे शास्त्रातलं वचन त्यांनी लागोपाठ तीन रविवार घेतलं. आमच्या निम्म्या बायका उसात जाणाऱ्या. उसाची पात हात चिरते, म्हणून सगळ्याच लुगड्यावरून नवऱ्याचा शर्ट चढवायच्या. तिसऱ्या रविवारी बाहेर चपला शोधताना रिबकाकाकू माझ्या कानाशी म्हणाली, "शास्त्र लिहिनाऱ्याला उसाची पात कवा लागली नसंल." पण पाळकाच्या तोंडावर कोण बोलणार? बायकांनी वाद घातला नाही. शर्ट भाकरीच्या फडक्यात गुंडाळून न्यायला लागल्या. कालव्याच्या पुलापर्यंत शास्त्र आणि पुलापलीकडे शर्ट, अशी वाटणी झाली आणि सगळं सुरळीत चाललं.

मार्थाकाकूला मात्र पुलापलीकडे सोय होऊन भागणार नव्हतं. तिला शर्ट चर्चमध्येच लागत होता.

आणि आता नियमाला दातही आले होते. जी ऐकणार नाही तिला आधी प्रभूभोजनातून, म्हणजे भाकर-द्राक्षरस घेण्याच्या विधीतून, दूर ठेवायचं. तरी ऐकलं नाही तर मंडळीच्या नोंदवहीतून नाव काढायचं. नाव निघालं की मंडळीच्या दफनभूमीत जागा नाही. बाकी कुणी या शेवटच्या गोष्टीचा विचार केला नसेल, मार्थाकाकूने तोच केला. योहानकाकांच्या कबरीशेजारची जागा तिची होती. तिने ती दगड लावून आखून घेतली होती आणि दोन्ही जागांना मिळून एकच सदाफुलीचं कुंपण केलं होतं. दर रविवारी उपासना सुटली की ती तिकडे जाऊन तण काढायची. आपल्या आणि त्यांच्या, दोघांच्या जागेतलं.

"तेवढं जाऊ नाय बघ पमे," ती मला म्हणाली. "दुसरं कायबी जाऊ दे. किती दिवस ऱ्हायलेत ते मला ठाव हाये."

मला तेव्हा माझ्या हुशारीचा भारी अभिमान होता. मी म्हटलं, "तू काळजी करू नको. मी तुला शर्टच देते, पण बाईचा."

पुरुषाच्या शर्टाची बटणं उजवीकडे असतात आणि बाईच्या कपड्याची डावीकडे. शिंप्याला हे झोपेतही कळतं. मी योहानकाकांचा लग्नातला पांढरा शर्ट उसवला. बटणं काढून डावीकडे लावली, उजवीकडे नवी काजं केली आणि जुनी काजं बारीक टाक्यांनी रफू केली. खिसा काढून टाकला. कॉलर ठेवावी लागली, कारण व्रण गळ्याशी दिसायचा. उजव्या बगलेत बाही उसवून चौबगळा घातला. चौबगळा म्हणजे बगलेत बसवायचा कापडाचा चौकोनी तुकडा. त्याने मुंढा, म्हणजे बाहीचा जोड, मोकळा होतो आणि हात उचलायला जागा मिळते.

काकूने शर्ट चढवला. सुजलेला हात बाहीतून सरळ आत गेला. तिने तो हळूच वर उचलला, कानापर्यंत, मग डोक्याच्याही वर.

"पमे! अगं, हात वर गेला!"

त्या रविवारी तिने गीत उचललं तेव्हा दोन्ही हात वर होते. मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसून तिच्या बगलेतला माझा तुकडा बघत होते. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

शमुवेल पारखे म्हणजे मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ. तीस वर्षं त्यांनी तालुक्याच्या कापडदुकानात काढली होती. मुठीत कापड धरून ते सूत सांगायचे. त्यांनी हस्तांदोलनाच्या निमित्ताने काकूला जवळून पाहिलं आणि गुरुवारी बाबांकडे आले. मी आत चहा टाकत होते.

"शर्ट योहानचाच आहे. काजं रफू केलीत. बटणं फिरवली म्हणून बैलाची गाय होत नाही, पाळकसाहेब."

"कुणी शिवून दिला?"

"विचारलं मी. म्हणते, तालुक्याच्या बाजारात शिवून घेतला."

मी चहात साखर दोनदा टाकली. बाबा म्हणाले, "पुढच्या आठवड्यात प्रभूभोजन आहे. त्याआधी रविवारी तिला सगळ्यांसमोर विचारू. ऐकून घेऊ तिचं."

रविवारी उपासना झाल्यावर कुणी उठलं नाही. मार्थाकाकू पुढे उभी होती. अंगात तोच शर्ट. बाबांचा आवाज चढलेला नव्हता. ते कधीच आरडाओरडा करत नसत.

"मार्थाबाई, हा शर्ट कुणाचा?"

"मपला."

"आधी कुणाचा होता?"

"ह्यांचा."

"मग पुरुषाचाच झाला."

"बटनं बायकांची हायेत, पाळकबाबा."

मागे कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. "तुम्हाला नियम माहीत आहे. तरी का घालता? काही कारण असेल तर सांगा. मी ऐकायला बसलोय."

काकूने पुरुषांच्या बाजूला पाहिलं, चाळीसेक माणसं होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"कारन हाये," ती म्हणाली. "मला हितं सांगता येत नाय."

तेव्हा शमुवेल पारखे उठले. "तुमच्या मुलीला विचारा ना. तिचा धंदाच आहे. तिने बघून सांगावं, शर्ट पुरुषाचा की बाईचा. म्हणजे कुणावर अन्याय नको."

"प्रमिला, पुढे ये," बाबा म्हणाले.

मी पुढे गेले. मला तिच्या शर्टाला हात लावावा लागला. बोटाखाली माझंच रफू लागत होतं. एक काज घाईत केलेलं, जरा वाकडं, तेही ओळखू आलं. काकू माझ्याकडे बघत होती. विनवत नव्हती, नुसती वाट बघत होती.

"खांदा पुरुषाचा आहे," मी म्हटलं. "कॉलर पुरुषाची. बेतलेलाही पुरुषाच्या मापानेच."

"आणि बटणं?"

"बटणं कुणीतरी फिरवलीत."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. पारखे समाधानाने खाली बसले. बाबांनी काकूला सांगितलं की पश्चात्ताप करून शर्ट उतरवला तर प्रभूभोजन आणि जागा, सगळं जसंच्या तसं राहील.

"हितं उतरवू?" तिने विचारलं.

ती थोडा वेळ थांबली, खरंच उत्तराची वाट बघत असल्यासारखी. मग चपला घालून निघून गेली. महिन्याभराने नोंदवहीतून तिचं नाव काढलं.

ती चिडेल, मला शिव्या घालेल, निदान येऊन सगळं बोलेल, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती दर रविवारी चर्चच्या खिडकीबाहेर लिंबाखाली येऊन बसू लागली, तोच शर्ट घालून. आत गीत सुरू व्हायला सवयीने उशीर व्हायचा. सगळे तिची वाट बघायचे आणि मग कुणीतरी चाचरत सुरुवात करायचं. बाहेरून तिचा आवाज यायचा, एक ओळ मागे. मला ती एकदाच रस्त्यात भेटली. "मशीन चालतंय ना नीट?" तिने विचारलं. मी "हो" म्हटलं आणि पुढे गेले.

पुढच्या माघात ती गेली. सकाळी रिबकाकाकू मला बोलवायला आली. मंडळीच्या दफनभूमीत जागा नव्हतीच. ओढ्यापलीकडे सरकारी जागेत खड्डा काढायचं ठरलं. पण आंघोळ तर घालायला हवी. आम्ही तिघीचौघी बायका आत गेलो, शर्ट काढला आणि रिबकाकाकूने चटकन तिच्या छातीवर पदर ओढला.

"प्रभू रे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पमे, हिची मापं तू घ्यायचीस. तुला ठाव होतं?"

"नाही," मी म्हटलं. "ती जुना ब्लाउज आणून द्यायची. त्याच्यावरूनच मी शिवायचे."

आता तर भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी तोंडातून नाहीच निघालं.

रिबकाकाकूने आपला नवा पांढरा ब्लाउज आणला होता. तो त्या हातावर कोपराच्यावर सरकेना. योहानकाकांचा शर्ट झिजून पाठीवर विरला होता. मी "आलेच" म्हणून घरी पळाले. बाबा आजाऱ्यांना भेटायला बाहेर गेले होते. त्यांचे रोजचे शर्ट काढले असते तर लक्षात आलं असतं, म्हणून मी आईची ट्रंक उघडली. आई मी आठ वर्षांची असताना तापाने वारली. वर्षातून एकदा, तिच्या स्मरणदिनाला, बाबा ती ट्रंक उघडून आतल्या कपड्यांना ऊन दाखवायचे. तिच्या लुगड्यांखाली बाबांचे दोन जुने पांढरे शर्ट होते, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. बाबा काही टाकून देत नाहीत, एवढाच मी त्याचा अर्थ लावला होता. त्यातला एक मी घेतला.

काकूचा हात त्या बाहीत सहज गेला. मला आश्चर्य वाटलं, कारण बाबा अंगाने किरकोळ. मी तिचा हात जरा उचलून पाहिला. उजव्या बगलेत चौबगळा होता. काळ्या दोऱ्याने घातलेला, मोठे मोठे वेडेवाकडे टाके. शिंप्याचं काम नव्हतं ते. मी पाहिलं आणि नजर काढून घेतली. बाहेर माणसं घाई करत होती.

पुढच्या महिन्यात आईचा स्मरणदिन आला. बाबांनी अंगणात खाट टाकून कपडे पसरले. मी घरात होते.

"प्रमिला, यातला एक शर्ट कुठे आहे?"

मी दारात आले. खोटं तयार होतं, मी ते वाटेत जुळवूनच आले होते. पण बाबा खाटेशेजारी उन्हात उभे होते, हातात उरलेला एकच शर्ट, आणि मला माझाच कंटाळा आला. मी सगळं सांगितलं. व्रण, हात, योहानकाकांचा शर्ट, रफू केलेली काजं, सगळं. बाबा खाटेच्या कडेवर बसले.

"पण तिने तुझ्याकडून वचन घेतलं होतं," ते म्हणाले. "तू वचन मोडलं नाहीस. तुझा त्यात दोष नाही, बाळा."

बाबांनी हे म्हणावं, याचीच मी वर्षभर वाट बघत होते. त्यांनी ते म्हटलं आणि मला ते घेता येईना.

"तुम्ही तिला सगळ्यांसमोर विचारलंत, त्याच्या आदल्या शनिवारी दुपारी ती माझ्याकडे आली होती," मी म्हटलं. "म्हणाली, 'पमे, मी तुला वचनातून मोकळं करते. मला पुरुषांपुढं बोलता यायचं नाय. तू आज घरी पाळकबाबांना सांग. त्यांना एकट्यालाच सांग. ते ऐकतील.' रात्री मी तुम्हाला जेवायला वाढलं. तुम्ही दोनदा भाकरी मागून घेतलीत. मी काही बोलले नाही."

"का?"

"शर्ट कुणी शिवला, हेही सांगावं लागलं असतं. तुम्ही मला घराबाहेर काढाल असं वाटलं."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मी आजवर त्यांना नीट पाहिलंच नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. मग त्यांनी हातातल्या शर्टाची उजवी बाही उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. बगलेत तसाच चौकोनी तुकडा, तसेच काळे टाके.

"तुझी आई कशाने गेली?"

"तापाने."

"ताप शेवटी आला." त्यांनी बोट त्या टाक्यांवरून फिरवलं. "आधी हेच. हाच हात. तिला काही चढेना, तेव्हा मी माझे शर्ट उसवून हे बसवले. मला शिवता येत नव्हतं. सहा महिने ती माझ्या शर्टांत होती. गेल्यावर मला वाटलं, मी शास्त्र मोडलं म्हणून देवाने नेली. मग मी कुणाला मोडू दिलं नाही."

शनिवारी रात्री दुसरी भाकरी वाढताना मी एक वाक्य बोलले असते, तर या माणसाला ते लगेच कळलं असतं, मला दुसरं वाक्य सांगावं लागलं नसतं. हे मला त्या अंगणात कळलं आणि त्यानंतर असा एकही दिवस गेला नाही की मला ते आठवलं नाही.

बऱ्याच वेळाने बाबांनी विचारलं, "तिला नीट बसला का तो?"

"बसला, बाबा. हात सहज गेला."

त्यांनी मान हलवली, शर्टाची घडी घातली आणि लुगड्यांखाली ठेवून दिला.

शास्त्रातलं ते कपड्यांचं वचन बाबांनी पुन्हा कधी घेतलं नाही. मार्थाकाकूचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने नोंदवहीत परत लिहिलं, पारखे आडवे आले तरी लिहिलं. पण वहीत नाव आलं म्हणून पुरलेलं माणूस परत येत नाही. योहानकाकांशेजारची जागा अजून तशीच आहे. तण मी काढते, दोघांच्या जागेतलं. ती मात्र ओढ्यापलीकडे एकटी आहे, माझ्या आईच्या शर्टात.